कजागीचं टेकाड

धुळ्यात पांझरा नदीच्या मधोमध एक बेट आहे, हे आम्हा काठावरच्या लोकांना गेल्या दिवाळीनंतर कळलं. तेव्हा तिथे तशी पाटी लागली. पाटी वाचून आमच्या आळीतले एक नाना चष्मा पुसत म्हणाले, "बेट कोठे शे भो? बांबू ते एकबी दिसत नही." त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे बेट असतं ते बांबूचं. नदीतल्या त्या उंचवट्याला आम्ही टेकाड म्हणतो, आणि पूर्ण नाव घ्यायचं तर कजागीचं टेकाड.

टेकाड एवढंसं. एका लग्नाचा मांडव मावेल, पंगत बसवायची तर दुसरीकडे बघावं लागेल. त्यावर एक कडुनिंब, दोन-तीन बाभळी आणि मधे कमरेइतका उंच काळा दगड. पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं की नुसता निंबाचा शेंडा दिसतो. पाणी उतरलं की टेकाड वर येतं, आणि येताना कधी रिकामं येत नाही. एका वर्षी आख्खी खाट आली, नुसती नवार गेलेली. एकदा साक्रीकडच्या कुठल्याशा किराणा दुकानाची पत्र्याची पाटी आली, ती आमच्याकडच्या एका न्हाव्याने उलटी करून रंगवली आणि स्वतःच्या दुकानावर लावली. अजून आहे. ऊन तिरपं पडलं की 'कटिंग-दाढी'च्या मागून 'शुद्ध तूप' दिसतं.

हे टेकाड झालं कसं, याच्या तीन गोष्टी आहेत. पुलाच्या कामाला दगड नेणारी गाडी बैलांसकट कलंडली आणि त्यावर गाळ बसत गेला, ही एक. कुण्या सावकाराने नदीत घर बांधायला घेतलं आणि जोत्यावरच मेला, ही दुसरी. तिसरी माझ्या बापाची. तो म्हणायचा, अल्याडच्या आणि पल्याडच्या लोकांनी एकमेकांना इतके दगड मारले की त्यांचाच ढीग झाला. मला विचाराल तर नदी आळशी आहे. वळताना ओझं जड झालं, तिथेच टाकलं आणि पुढे गेली.

उन्हाळ्यात पात्रातलं पाणी उतरलं की माझी आई वाळूत खरबुजं आणि काकड्या लावायची आणि आम्ही टेकाडावर बसून विकायचो. धंद्याचं मला जे काही येतं ते तिथलं. अल्याडचं गिऱ्हाईक दगडांवरून कोरडं यायचं. ते खरबूज हुंगणार, वाजवणार, नाक मुरडणार आणि परत जाणार. पल्याडचं गिऱ्हाईक मात्र गुडघाभर पाणी तुडवून यायचं. ज्याचे पाय भिजलेत तो रिकाम्या हाताने परतत नाही, हे मी मिसरूड फुटायच्या आत ओळखलं. आज माझं पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, जळगावच्या कारखानदारांशी बसून मी भाव करतो, आणि समोरचा माणूस आला की आधी त्याचे पाय बघतो. तो किती लांबून आलाय ते कळलं की निम्मा सौदा झाला. दुकानात 'एकच भाव' अशी पाटी लावणाऱ्याचं मला हसू येतं. एकच भाव म्हणजे दोन माणसांनी बोलायचंच नाही, असा कायदा झाला. मी तापट आहे असं लोक म्हणतात. असेन. भाव करताना आवाज चढतो, कारण त्यात जीव ओतावा लागतो.

पण टेकाडाचं नाव खरबुजांवरून पडलं नाही. ते पडलं बारावरून.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. खापरावरच्या पोळ्या, आंब्याचा रस, झाडाला झोके, आणि संध्याकाळी गौराई बोळवायला नदीवर जायचं. तिथे दोन काठांच्या बाया समोरासमोर आल्या की एकमेकींना शिव्या देतात. याला बार म्हणतात. वर्षभर सासरी मान खाली घालून राहिलेली बाई त्या दिवशी तोंड उघडते, आणि समोरच्या काठाचा उद्धार करते.

शिव्या म्हणजे आय-माय काढणं नव्हे. त्या पुरुषांच्या शिव्या. त्यांना डोकं लागत नाही. बाराचे नियम कडक आहेत. जे बोलायचं ते खरं असलं पाहिजे. खोटं निघालं तर समोरचा काठ "खोटं, खोटं!" म्हणून ओरडतो आणि बोलणारीला खाली उतरावं लागतं. एक इकडची, एक तिकडची, आळीपाळीने. दिवे लागले की बंद. आणि दुसऱ्या दिवशी बाजारात भेट झाली तर आधी तब्येत विचारायची. पात्र रुंद आहे, ओरडलेला एखादा शब्द पोचतो, पण या काठावरचं अख्खं बोलणं त्या काठावर ऐकू जात नाही. त्या दिवशी आमच्या काठावर ते येणार नाहीत, त्यांच्या काठावर आम्ही जाणार नाही. म्हणून जिची पाळी असेल तिने टेकाडावर जायचं, काळ्या दगडावर चढायचं आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल असं बोलायचं. टेकाड ना त्यांच्या वॉर्डात, ना आमच्या. तिथे कोणी कधी झाडू मारला नाही आणि कोणी हक्कही सांगितला नाही. आळीतल्या बाया एकमेकींना कजाग म्हणून हिणवायच्या. त्या दगडावर उभं राहणारीला मात्र कजागी म्हणायचे, आणि तो किताब होता.

आमच्या काठाची कजागी माझी अक्का. माझी मोठी बहीण. ती फैजपूरला दिली. केळीच्या बागा, मोठं खटलं, आणि बोलण्याची पद्धतही वेगळी. तिथे ती मोजकं बोलते. पण आखाजीला एसटीतून उतरली की तिचा आवाज आमच्या आळीत आधी पोचतो. पल्याडची कजागी म्हणजे लाकडाच्या वखारवाल्याची बायको. अंगाने किरकोळ, आवाज करवतीसारखा. नवऱ्याची करवत आणि बायकोचा आवाज, कुठलं कुठे थांबतं ते कळत नाही, असं आमच्याकडे म्हणत. दोघींनी एकमेकींना सोडलं नाही. अक्काने तिच्या पुरणाला एकदा 'भिंत लिंपायचा गारा' म्हटलं, तेव्हा त्या काठावरच्या तिच्या सख्ख्या जावेला हसू आवरलं नाही.

आता माझं दुखणं सांगतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी माझा बाप गेला. श्रावणातली झड लागलेली. सरणाचं लाकूड आणायला मी पल्याडच्या वखारीत गेलो, कारण आमच्या काठाची वखार बंद होती. त्याने लाकूड दाखवलं. बाभळीचं, पण ओलं. मी ढलपी नखाने सोलली तर बोटाला पाणी लागलं. भाव मात्र सुक्या लाकडाचा. मग मी बोललो. ओल्या लाकडाला ओल्या लाकडाचा भाव. त्याने खाली आणला, मी लाकूड घेतलं, रॉकेलचा डबा जादा घेतला आणि बापाला नीट पोचवलं. यात मी काय गुन्हा केला? बाप मेला म्हणून मालाची पारख करायची नाही, असं कुठे लिहिलंय?

पुढची आखाजी आली. बाप गेलेल्या घरात पोळ्या नव्हत्या, पण अक्का आली आणि बाराला उभी राहिली. तिने दोन-तीन चांगले टोले हाणले. मग वखारवालीची पाळी आली. ती दगडावर चढली, पदर खोचला, आणि आमच्या काठावर मी जिथे पुरुषांत उभा होतो तिथे बोट करून म्हणाली,

"ह्या बठ्ठा आयका वं! हिना भाऊनी बापनं सरणबी भाव करीसन लिधं!"

बापाचं सरण यानं भाव पाडून घेतलं. दोन्ही काठ हसले. आमच्या काठावरचे जास्त हसले. माझ्या दुकानातला, मीच पगार देतो तो माणूस, हातातला भेळेचा कागद टाकून हसला. मी अक्काकडे बघितलं. आता ही फाडणार. अक्का दगडाकडे निघाली, अर्ध्या वाटेत थांबली आणि परत फिरली. दिवे लागले. बार त्यांचा झाला.

घरी येताना मी तिला म्हटलं, "तू गप्प का राहिलीस?"

"खरं शे का ते?"

"अक्का, लाकूड ओलं होतं."

"ते मी इचारं का? भाव कया का नही?"

"केला. पण ओलं होतं म्हणून केला. आता सगळ्यांना फोन करून तसं सांगू का?"

"खुलासा कोरटमा देतस," अक्का म्हणाली. "बारमा जबाब देनं पडस. माले जबाब सुचना नही."

त्यावर मी चिडलो, तो घरी पोचल्यावरही. बापाचं वर्षसुद्धा झालं नव्हतं, दुखवट्यातल्या घरावर असं बोलायचं नसतं, असा मी नियम काढला. अक्का म्हणाली, असा नियम नाही, तू आता केलास. हे तिच्या माहेरात बसून, माझ्या घरच्या चहाचा कप हातात धरून.

त्या वर्षी मला सगळीकडे ते ऐकावं लागलं. गिऱ्हाईक भाव करायला बसलं की म्हणायचं, "शेठ, तुमच्याशी काय बोलणार, तुम्ही तर..." आणि पुढचं न बोलता हसायचं. ते 'तर' माझ्या कानात रुतून बसलं होतं. मी अक्काला दर आठवड्याला फोन करून सुचवायचो, असं म्हण, तसं म्हण. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुन्हं बठ्ठं खुलासाच शे." शेवटी संक्रांतीच्या सुमाराला तिचाच फोन आला. "सुचना," एवढंच म्हणाली आणि हसत सुटली. काय सुचलं ते काही सांगितलं नाही. आखाजीला ऐकशील, म्हणाली. माझं उरलेलं वर्ष त्या एका शब्दावर चाललं.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात टेकाडाचं बेट झालं.

आमच्या भागातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी एक सुशोभीकरण समिती काढली. अध्यक्ष एक निवृत्त इंजिनीअर, त्यांना सगळे साहेब म्हणतात. स्वच्छ कपड्यांचा, सरळमार्गी माणूस, पण धुळ्यात नोकरीच्या शेवटी आलेला. त्यांनी टेकाडाला तारेचं कुंपण घातलं, आमच्या काठावरून लोखंडी पूल टाकला, पुलाला फाटक आणि फाटकाला कुलूप लावलं. बाभळी काढल्या, शोभेची झाडं लावली, ती त्याच आठवड्यात बकऱ्यांनी पोहत येऊन खाल्ली. तिथवर माझी काही तक्रार नव्हती. तक्रार आहे ती पाटीची.

साहेबांनी जागेचा इतिहास हवा म्हणून काठावरच्या चहाच्या टपरीवर विचारलं, या जागेला काय म्हणतात? टपरीवाल्याच्या तोंडात तंबाखू. तो म्हणाला, "कजागीचं." साहेबांनी लिहून घेतलं 'कजाई'. तिथे बसलेल्या रिकामटेकड्यांच्या लक्षात आलं की साहेब लिहून घेतात. मग एकाने सांगितलं, कजाई जागृत आहे. दुसऱ्याने सांगितलं, ती त्या काळ्या दगडावर तप करायची. तिसऱ्याने सांगितलं, तिला मौन आवडतं. दिवाळीनंतर संगमरवरी पाटी लागली: 'श्री कजाईमाता बेट. येथे मातेने दीर्घकाळ मौनव्रत पाळले. कृपया शांतता राखा. अपशब्द वापरू नयेत.'

जिथे आमच्या सात पिढ्यांच्या बायांनी घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या, तिथे मौनव्रत!

काळ्या दगडाला शेंदूर लागला. पहिल्याच मंगळवारी तीन नारळ फुटले. आमच्या आळीतल्या ज्या म्हातारीने त्या दगडावर उभं राहून पल्याडच्या अख्ख्या एका कुळाचा पंचनामा केला होता, ती आता चपला काढून त्याला हात जोडते. मी विचारलं, "आजी, हा तोच दगड ना?" तर म्हणते, "हां, पन आते शेंदूर शे ना बाप्पा."

हे मी अक्काला फोनवर सांगितलं तेव्हा शेंदूर नक्की त्याच दगडाला लागलाय ना, हे तिने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे इतला वरिस मी देवना डोकावर हुभी व्हतू?" आणि लगेच, "कुलूपनं काय ते तू देख. तुले भाव करता येस ना? कर."

माझ्या नावाचा निकाल त्या कुलपाच्या आत होता. मी साहेबांकडे गेलो.

समितीची बैठक भरली होती. पाच-सहा जण, मधे वेफर्सची बशी. मी नमस्कार करून सरळ बोललो, "साहेब, आखाजीला बेटावर बार करायचा आहे. बायकांचा."

साहेबांच्या हातातला वेफर बशीत पडला. "बायकांचा बार?"

"हो. दरवर्षी असतो. दिवे लागेपर्यंतच."

"हे पहा," साहेब सावकाश म्हणाले, "एक तर ही देवीची जागा. आणि बारचा परवाना आम्ही कसा देणार? त्याचं खातं वेगळं. दारूबंदीवाल्यांकडे जावं लागेल."

"दारू कशाला? दारू न पिताच करतात."

"न पिता? मग बारमध्ये करतात काय?"

"शिव्या देतात."

शेजारच्या एका सभासदाला ठसका लागला. तो आमच्यातलाच होता, त्याची आई चांगली बार खेळणारी, पण समितीत बसल्यापासून त्याला काही आठवत नव्हतं. मी साहेबांना बार म्हणजे काय ते समजावलं. ते ऐकून त्यांचा चेहरा आणखी बिघडला. "मग तर शक्यच नाही. मातेला मौन प्रिय आहे."

मी आठ दिवस फाटक उघडं मागून सुरुवात केली. साहेब नाहीवर. मी चार दिवसांवर आलो, मग दोनवर. ते नाहीवरच. या माणसाला भाव करायची सवय नव्हती. तो एकच आकडा धरून बसला होता आणि तो आकडा शून्य होता. मग मी त्यांचे पाय बघितले. टेबलाखाली नव्या चपला, शेजारी पत्रिकांचा गठ्ठा. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी बेटाचं रीतसर उद्घाटन होतं, बाहेरून पाहुणे येणार होते, आणि आरती छापून तयार होती. मी एक पत्रिका उचलली.

"जय जय कजाई," मी वाचलं. "छान आहे. साहेब, कजाग बाई कशी असते माहीत आहे ना?"

"म्हणजे भांडकुदळ. का?"

"या जागेचं नाव कजागीचं टेकाड. टपरीवाल्याच्या तोंडात तंबाखू होती."

खोलीत कोणी वेफर खाईना. साहेबांनी त्या सभासदाकडे बघितलं. त्याने पंख्याकडे बघितलं.

"मला पाटीशी काही देणंघेणं नाही," मी म्हणालो. "राहू द्या. संगमरवर चांगला आहे. फक्त उद्घाटनाला मी पाटीशेजारी उभा राहीन आणि कोणी विचारलं तर नावाचा अर्थ सांगेन. विचारलं तरच. किंवा आखाजीला मी दिवसभर इतका दमेन की दुसऱ्या दिवशी घरीच झोपून राहीन. तुमचं तुम्ही ठरवा."

साहेबांनी चष्मा काढला. हा माणूस भाव करायला शिकला, तो त्या क्षणी. "एक संध्याकाळ," ते म्हणाले. "चारपासून दिवे लागेपर्यंत. दगडावर चप्पल घालून चढायचं नाही. आणि आय-माय नाही."

"ते आमच्यात नसतंच."

"आणि तुम्ही झोपायचं."

"गाढ," मी म्हणालो, आणि एक वेफर घेतला.

आखाजीला अक्का पहिल्या एसटीने आली. खापरावर पोळ्या झाल्या, रस झाला. चार वाजता फाटक उघडलं. दोन्ही काठ गच्च भरले. कुलूप लागलं म्हणून जे येणार नव्हते तेही, उघडलं म्हटल्यावर आले. पल्याडच्यांना पुलाने यायचं तर आमच्या काठावरून यावं लागणार, ते त्यांना चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचं कुंपण खालून वाकवून पाण्यातून चढायची वाट केली. साहेब फाटकापाशी खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं.

अक्का चपला काढून दगडापाशी गेली. आधी दगडाला कुंकू लावलं, ओटी भरली, हात जोडले. साहेबांनी समाधानाने मान हलवली. मग ती पदर खोचून त्याच दगडावर चढली, शेंदूर चुकवून पाय ठेवत.

पल्याडच्या काठावर वखारवाली पुढे उभी होती, मागे पुरुषांत तिचा नवरा. अक्का तिच्याकडे बघून म्हणाली,

"गयसाल तू बोलनी, मन्हा भाऊनी सरणना भाव कया. हा, कया! पन तुन्हा नवराना लाकडं इतला वला व्हतात, त्या पेटाडाले मन्हा बापले दोनदाव मरनं पडतं!"

ती लाकडं पेटवायला बापाला दोनदा मरावं लागलं असतं! दोन्ही काठ हसून फुटले. आमच्याकडचे टाळ्या पिटत होते. मी कोणाला मिठी मारली ते मलाच ठाऊक नाही, बहुधा माझ्या दुकानातला तोच, भेळेचा कागद टाकून हसलेला, असावा. पल्याडून दोघीतिघी "खोटं, खोटं!" म्हणून ओरडायला लागल्या. तेव्हा वखारवाल्यानेच हात वर केला. त्याला हसू आवरत नव्हतं. "खरं शे," तो ओरडला. "श्रावण व्हता. वलाच व्हतात!" स्वतःच्या बायकोविरुद्ध, भर काठावर. मला तो माणूस त्या दिवसापासून आवडतो. साहेबसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसत होते.

माझं नाव धुऊन निघालं होतं. मी सदरा सरळ केला. सूर्य पुलाखाली गेला होता, दिवे लागायला थोडाच वेळ उरला होता, आणि मला वाटलं आता हे असंच संपणार.

वखारवाली शांतपणे पाण्यातून आली. दगडापाशी थांबून तिने अक्काला हात दिला, खाली उतरायला. मग स्वतः वर चढली. ओल्या पायांनी. तिने अक्काकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"वला व्हतात, बरं शे," ती म्हणाली. "मंग लिधा काबर? सस्ता भेटनात म्हनीसन!"

ओली होती, तर घेतली कशाला? स्वस्त मिळाली म्हणून!

आमच्या काठावर आधी जी शांतता झाली ती मौनव्रतवाल्या मातेला नक्की आवडली असती. मग जे हसू उठलं ते मी सांगत नाही. त्याच वेळी समितीचे रंगीत दिवे आपोआप लागले, निंबाचं झाड जांभळं झालं, आणि नियमाप्रमाणे बार बंद झाला. अक्काला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. मी साहेबांकडे धावलो आणि म्हणालो, "साहेब, दिवे बंद करा, पाच मिनिटं!" साहेब म्हणाले, "ते स्वयंचलित आहेत हो."

अक्का पुलावरून आली ती हसत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती, आणि लांबून वखारवालीही तिला हात करून हसत होती. मी पुढे चालत राहिलो. रस्त्याला लागल्यावर तिने मला गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, "कितलामा लिधा व्हतात रे?"

मी आकडा सांगितला. दुसरा कोणी असता तर त्याला तो भाव मिळाला नसता, हेही सांगितलं.

अक्काने थोडा विचार केला. बापाचं लाकूड, श्रावणातलं, ओलं.

"तरीबी महागच पडनात तुले," ती म्हणाली.